मायना नसलेले पत्र

पत्राचा मायना हा आमच्या पिढीला शाळेत गुण मिळवून देणारा विषय होता. तीर्थरूपांना शिरसाष्टांग नमस्कार, मित्रास सप्रेम नमस्कार, धाकट्यास अनेक आशीर्वाद. इंदुरात तीन पिढ्या काढूनही आमच्या घरी ही शिस्त साध्या पोस्टकार्डावरही पाळली जाई; अर्धे कार्ड मायन्यातच संपते, अशी थट्टाही होई. ह्या वळणात वाढलेल्या माणसास ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ ह्या संकेतस्थळाचा एक नियम वाचून ठेच लागावी, हे साहजिकच आहे. प्रश्नात नमस्कार लिहू नये, आभार मानू नयेत, खाली सही करू नये!

संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांचे हे प्रश्नोत्तरांचे ठिकाण जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की ह्यांनी 2008 साली अमेरिकेत सुरू केले. 2020 च्या टाळेबंदीत धाकटा मुलगा घरून काम करू लागला, तेव्हा ते त्याच्या पडद्यावर रोज दिसे. त्यातील आज्ञावली मला कळत नाही. वाद मात्र कळतात, किंबहुना फारच ओळखीचे वाटतात. कारण माझी उभी नोकरी मध्य प्रदेश शासनाच्या नस्त्या चाळण्यात गेली.

तिथे नवख्यास अधिकार एकदम मिळत नाहीत. त्याचे लेखन इतरांना उपयुक्त वाटले की गुण मिळतात. 15 गुणांवर दुसऱ्याच्या लेखनास अनुकूल मत देता येते, 125 गुणांवर प्रतिकूल. शिवाय दुसऱ्याच्या उत्तरास प्रतिकूल मत देणाऱ्याचा स्वतःचाही एक गुण कापला जातो. ही तरतूद मला फार आवडली. आमच्या गोपनीय अहवालांना ती लागू असती, तर कित्येक वरिष्ठांची लेखणी जपून चालली असती! 3000 गुण झाले की प्रश्न बंद करण्याच्या बाजूने मत देता येते, आणि सामान्यतः अशी तीन मते पडली की प्रश्न, आमच्या भाषेत, नस्तीबद्ध. ह्या सर्वांवर सभासदांनी निवडलेले नियंत्रक असतात. त्यांना वेतन नाही.

आता नमस्काराचे. ‘व्हिम’ नावाची लेखनाची एक जुनी आज्ञावली आहे. तिच्यातून बाहेर कसे पडावे हेच नवख्याला उमगत नाही. 2012 साली कोणीतरी तसे विचारले आणि 2017 पर्यंत दहा लाखांहून अधिक लोक ते पान पाहून गेले. विचारणारा एक, सांगणारे थोडे, वाचणारे दहा लाख. मग ते पान नक्की कोणाचे? नस्तीवरील टिप्पणीतही आपण कुशल विचारीत नाही. दहा वर्षांनी ती उघडणाऱ्या अनोळखी अधिकाऱ्यास विषय तेवढा समजावा, म्हणून ती लिहिलेली असते. तेव्हा मायना गाळण्याचा हिशेब मला पटतो.

‘हे पूर्वीच विचारलेले आहे’ असा शेरा मारून दार लावणे मात्र तितकेसे पटत नाही. वेगळ्या शब्दांतला प्रश्न मुळात तोच आहे, हे जाणत्याला दिसते. नवख्याला ते दिसले असते, तर त्याने विचारलेच कशाला असते? बंद करणाराने दोन शब्द समजुतीचे लिहिले, तर पानाची शिस्त बिघडत नाही. हे ठिकाण नव्यांना परके वाटते, अशी कबुली 2018 च्या एप्रिलमध्ये खुद्द कंपनीनेच दिली. त्याच वर्षी आचारसंहिता आली आणि नवख्याच्या नावापुढे तशी खूण दिसू लागली. पोर्तुगीज, स्पॅनिश, रशियन व जपानी भाषांसाठी ह्या संस्थेने स्वतंत्र दालने उघडली, हिंदी-मराठीसाठी नाही. इंदूरच्या मुलास आपली अडचण आधी इंग्रजीत बसवावी लागते, मग शेरा सोसावा लागतो.

2022 च्या नोव्हेंबरात ‘चॅटजीपीटी’ आले. त्याची उत्तरे दिसायला पटणारी, पण पुष्कळदा चुकीची. म्हणून डिसेंबरातच ती ह्या स्थळावर निषिद्ध ठरली. पुढे मे 2023 मध्ये, यंत्रलिखित असल्याच्या संशयावरून उत्तरे काढण्यास कंपनीने नियंत्रकांना जवळजवळ मज्जावच केला, तेव्हा त्यांनी जूनपासून ऑगस्टपर्यंत काम थांबवले. पगार नसणाऱ्यांनी केलेला हा संप! मागणी एवढीच, की आमचे फुकटचे काम आम्हाला नीट करू द्या. आमच्या संघटनांच्या इतिहासात असा दाखला नाही. 2024 साली कंपनीने त्याच यंत्राच्या निर्मात्यांशी करार केला. तेव्हा काहींनी रागाने आपली जुनी उत्तरे पुसू पाहिली आणि त्यांचीच खाती काही दिवस गोठवली गेली. एकदा दिलेले उत्तर सर्वांचे होते, हे तिथल्या परवान्यात आरंभापासूनच होते. तरीही त्यांचा राग मला समजतो.

तिथे येणारे प्रश्न 2022 नंतर झपाट्याने घटले. मुलगाही आता यंत्रालाच विचारतो. यंत्र नमस्कार घेते, आभारांना उत्तर देते, ‘हे पूर्वी विचारले होते’ असे कधी म्हणत नाही. फक्त त्याने काय विचारले आणि त्याला काय सांगितले गेले, ते मागून येणाऱ्या दुसऱ्या कोणाला दिसत नाही. परवा मी त्याला विचारले, “अरे, उत्तर मिळाले की ते कुठे लिहून ठेवतोस का?” तो म्हणाला, “कशाला बाबा, पुन्हा विचारता येतं की.”