क्रमांक ८७ ची वेळ

१/
या धाग्यांत आपण बहुधा शिलालेख, ताम्रपट आणि मोडी कागद पाहतो. आजचे साधन त्या मानाने अगदी अलीकडचे आहे: शर्यतीत धावणाऱ्याच्या बुटाला किंवा छातीवरच्या क्रमांकाला लावलेली, जेमतेम काही ग्रॅम वजनाची रेडिओ चिप. तिचा इतिहास सांगण्याआधी मला एक जुनी चूक कबूल करायची आहे. चूक माझी आहे आणि तिचा पुरावा अजून माझ्या कपाटात आहे. धागा लांब आहे; सवडीने वाचा.

२/
१९९९ सालचा २६ जानेवारी. मी नववीत होतो. आमच्या तालुक्याच्या गावी प्रजासत्ताक दिनी १० किलोमीटरची रस्ता शर्यत होत असे. ध्वजवंदन उरकले की मैदानाच्या फाटकापासून सुटायचे, साखर कारखान्याच्या वळणापर्यंत जायचे आणि त्याच रस्त्याने परतायचे. शाळेतली मुले, तालमीतले पैलवान, पोलीस भरतीची तयारी करणारे तरुण आणि चार-दोन हौशी प्रौढ, असे शे-सव्वाशे लोक धावत.

३/
अंतिम रेषेवर आम्ही तिघे होतो. क्रीडाशिक्षकांच्या हाती शाळेचे एकुलते एक स्टॉपवॉच. ते वेळ पुकारत. माझा मित्र छातीवरचा क्रमांक वाचून सांगे. मी दोन्ही गोष्टी दोनशे पानी वहीत उतरवीत असे. पहिले पंधरा-वीस धावपटू सुटे सुटे आले, तोवर सारे सुरळीत होते. मग एकदम लोंढा आला. सर वेळा पुकारत राहिले, मित्र क्रमांक ओरडत राहिला आणि माझी लेखणी मागे पडली. एका ओळीत वेळ आहे पण क्रमांक नाही, दुसरीत क्रमांक आहे पण वेळ नाही, अशी त्या पानाची अवस्था झाली.

४/
बक्षीस समारंभ आटोपल्यावर गावातले पोस्टमन काका माझ्यापाशी आले. वय पन्नाशीचे, पायात कॅनव्हासचे बूट.
“बाळ, ८७ बघ बरं. किती मिनिटं लागली मला?”
मी पान दोनदा पाहिले. ८७ कुठेच नव्हता.
“काका, लिहायचा राहिला वाटतं.”
त्यांच्या प्रमाणपत्रावर वेळेच्या जागी सरांनी आडवी रेघ मारली होती. काका हसले. “असू दे. पोरीला म्हटलं होतं, तासाच्या आत येतो. आता तिला काय दाखवू?”
ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांचे ते हसणे मला पुढे कित्येक वर्षे आठवत राहिले.

५/
आता इतिहासाकडे वळू. १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये स्पिरिडॉन लुईसने मॅरेथॉन २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत जिंकली. त्या शर्यतीत वीसही धावपटू नव्हते. एक घड्याळ आणि एक कागद पुरेसा होता. पुढे धावपट्टीवरच्या शर्यतींसाठी फोटो-फिनिश कॅमेरे आले, सेकंदाचे शतांश मोजले जाऊ लागले. पण ते तंत्र आठ-दहा धावपटूंतला सूक्ष्म फरक टिपणारे होते. रस्त्यावरच्या शर्यतीची अडचण निराळी होती. तिथे शतांशापेक्षा संख्येचा प्रश्न मोठा होता.

६/
१९७० च्या पहिल्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये १२७ जणांनी नावे नोंदवली आणि ५५ जणांनी ती पूर्ण केली. दशक संपेतो धावणाऱ्यांची संख्या हजारोंत गेली. त्यावर अमेरिकेत एक उपाय रूढ होता. अंतिम रेषेपलीकडे दोरांच्या अरुंद गल्ल्या करायच्या, धावपटूंना आले त्याच क्रमाने त्यांतून चालवायचे, क्रमांकाच्या कागदाचा खालचा तुकडा फाडून तारेत ओवायचा. वेळा वेगळ्या नोंदवायच्या आणि मग दोन याद्या जुळवायच्या. गल्लीत एक जण पुढे-मागे झाला, की त्याच्यामागच्या प्रत्येकाच्या नावावर दुसऱ्याची वेळ चढे. हे वाचले तेव्हा मला माझी वही आठवली. मोठ्या शहरांतही दुखणे तेच होते.

७/
या काळातील दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहा. दोन्ही बॉस्टन मॅरेथॉनच्या.
पहिली १९८० ची. रोझी रुईझ ही महिलांत पहिली आली, वेळ २:३१:५६. तिला विजयाचा मुकुटही चढवला गेला. पण वाटेतल्या निरीक्षकांच्या नोंदींत ती नव्हती, छायाचित्रांतही नव्हती. शेवटच्या सुमारे अर्ध्या मैलावर ती गर्दीतून रस्त्यावर शिरताना पाहणारे साक्षीदार पुढे आले. आठवड्याभराने विजेतेपद कॅनडाच्या जॅकलिन गॅरोला मिळाले. रुईझची नोंद होती, तिने शर्यत मात्र धावलेली नव्हती.

८/
दुसरी घटना १९६६ ची. बॉबी गिब या तरुणीने प्रवेशअर्ज केला, तेव्हा स्त्रियांना इतके अंतर झेपत नाही असे सांगून तो नाकारण्यात आला. ती आरंभरेषेजवळच्या झुडपांत लपली, शर्यत सुटल्यावर पुरुषांच्या घोळक्यात मिसळली आणि सुमारे ३ तास २१ मिनिटांत पोहोचली. निम्म्याहून अधिक पुरुष तिच्या मागे होते. तिच्या छातीवर क्रमांक नव्हता, म्हणून अधिकृत निकालात तिचे नाव नव्हते. बॉस्टनने स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला तो १९७२ साली. गिब धावली होती, तिची नोंद तेवढी नव्हती.

९/
चिपचे मूळ मात्र क्रीडांगणावर नाही, युद्धात आहे. दुसऱ्या महायुद्धात येणारे विमान आपले की शत्रूचे, हे ओळखण्यासाठी विमानांत एक यंत्र बसवले गेले. रडारची लहर पोहोचली की ते ठरावीक उत्तर परत पाठवी. १९४८ साली हॅरी स्टॉकमन या अभियंत्याने एक निबंध लिहून पुढचा विचार मांडला: उत्तर देणाऱ्याला स्वतःची शक्ती कशाला हवी? विचारणाऱ्याच्याच लहरींची शक्ती परतवून निरोप धाडता येईल. ही कल्पना व्यवहारात उतरायला काही दशके जावी लागली. त्यातूनच गुराढोरांची ओळख पटवणाऱ्या, काचेच्या नळीतल्या इवल्याशा चिपा तयार झाल्या.

१०/
१९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात नेदरलँड्समधील नायमेखन शहरात काही मंडळींनी अशीच काचेची चिप प्लास्टिकच्या चकतीत बसवली आणि ती धावपटूच्या बुटाच्या नाडीत ओवली. ‘चॅम्पियनचिप’ हे तिचे नाव. रेषेवर चटया अंथरलेल्या असत आणि चटईत तारेचे वेटोळे. त्यातून १३४.२ किलोहर्ट्झचे क्षेत्र निर्माण होई. बूट वर आला की त्या क्षेत्रातून चिपमधल्या गुंडाळीला क्षणभरापुरती वीज मिळे आणि चिप आपला एकमेव क्रमांक परत पाठवी. यंत्र त्यापुढे घड्याळातली वेळ लिही. चिपमध्ये बॅटरी नाही, घड्याळही नाही. ती फक्त नाव सांगते. वेळ सांगणारा चटईपाशी बसलेला असतो. आमच्या त्रिकुटात हे काम माझ्या मित्राचे होते.

११/
१९९६ साली बॉस्टन मॅरेथॉनचे शंभरावे वर्ष होते आणि ३५ हजारांहून अधिक लोकांनी ती पूर्ण केली. त्या वर्षी तिथे चिप वापरली गेली. एवढ्या गर्दीत मागच्या धावपटूंना बंदूक वाजल्यावर आरंभरेषेपर्यंत चालत जायलाच कितीतरी मिनिटे लागतात. पूर्वी ती मिनिटे त्यांच्या नावावर चढत. आरंभालाही चटई आल्यावर दोन वेळा मिळू लागल्या: बंदुकीपासूनची आणि स्वतःच्या पहिल्या पावलापासूनची. विजेता आणि विक्रम पहिल्या वेळेवर ठरतात. उरलेल्या हजारोंच्या मनात घर करते ती दुसरी.

१२/
त्याच १९९६ साली बॉस्टनच्या आयोजकांनी आणखी एक काम केले. बॉबी गिबला १९६६, १९६७ आणि १९६८ या तिन्ही वर्षांची विजेती म्हणून मान्यता दिली. तीस वर्षांपूर्वीची नोंद दुरुस्त झाली. इथे जरा थांबून विचार करा. चिप १९६६ मध्ये असती, तरी गिबच्या बुटाला ती कोणी बांधली नसती. यंत्र ज्याला चिप दिली त्याचीच नोंद करते आणि चिप कोणाला द्यायची हे माणसे ठरवतात. गिबला न्याय मिळाला तो जुनी कागदपत्रे आणि आठवणी पुन्हा तपासणाऱ्या माणसांमुळे.

१३/
आज बुटाची चकती जाऊन छातीच्या क्रमांकामागे चिकटवलेली पातळ पट्टी आली आहे. ती अधिक उंच वारंवारितेवर चालते आणि शर्यतीनंतर परत करावी लागत नाही. शेकडो पट्ट्या एकदम बोलू लागल्या तर गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येक पट्टी आपली पाळी स्वतःच, जणू चिठ्ठी टाकून, निवडते. या रीतीचे मूळ हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘अलोहा’ या रेडिओ जाळ्यात आहे. पण या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणसाचे शरीर बरेचसे पाणीच आहे. क्रमांक दुमडला, अंगाला घामाने चिकटला, की वाचन हुकू शकते.

१४/
हे मी स्वतः अनुभवले. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या मॅरेथॉनमध्ये वाटेतल्या एका चटईवर माझी नोंद झाली नाही. संकेतस्थळावर माझ्या नावापुढे वेळेऐवजी आडवी रेघ होती. छायाचित्रे पाठवून ती दुरुस्त करून घेईपर्यंत तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत मला पोस्टमन काकांचे हसणे नीट समजले. शिवाय दुसऱ्याचा क्रमांक लावून धावणारेही असतात. त्यांच्या चिपा बिनचूक वाचल्या जातात. चिप फक्त चिप गेल्याची साक्ष देते. माणूस कोण होता, हे दुसऱ्या साधनांनी पडताळावे लागते. मोडी कागदावरची मोहर आपण तशीच तपासतो.

१५/
आता शेवटचे उदाहरण. १५ एप्रिल २०१३ रोजी बॉस्टनच्या अंतिम रेषेजवळ बॉम्बस्फोट झाले. तिघांचे प्राण गेले, शेकडो जखमी झाले आणि ५ हजारांहून अधिक धावपटूंना वाटेतच थांबवावे लागले. त्यांच्या हाती शेवटची वेळ नव्हती, पण दर ५ किलोमीटरच्या चटईवरच्या नोंदी होत्या. आयोजकांनी संख्याशास्त्रज्ञांची मदत घेतली. जे पोहोचले होते त्यांच्या वेगाचा अभ्यास करून, जे पोहोचू शकले नाहीत त्यांच्या संभाव्य वेळा काढल्या गेल्या. अपुऱ्या नोंदींतूनही, काळजीपूर्वक पाहिले तर, बरेच काही सांगता येते.

१६/
ते वाचून मी कपाटातली वही काढली. वीस वर्षांनी प्रथमच ते पान अपराधी मनाने न पाहता साधन म्हणून पाहिले. क्रमांक नसलेल्या वेळा अकरा होत्या. त्या सगळ्या लोंढ्याच्या काळातल्या. शेवटची गाळलेली जागा ५८ मिनिटे १४ सेकंदांपाशी होती. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाचा क्रमांक आणि वेळ दोन्ही लिहिलेली होती आणि त्यांत ८७ नव्हता. प्रमाणपत्र तर रेषा ओलांडणाऱ्यालाच मिळत असे. म्हणजे काका लोंढ्यातच आले होते. उशिरात उशिरा, ५८ मिनिटे १४ सेकंदांना. तासाच्या आत.

१७/
काका आता हयात नाहीत. त्यांची मुलगी जवळच्याच गावी शिक्षिका आहे. मी वहीच्या पानाची प्रत घेऊन गेलो आणि चहा होईपर्यंत सारा हिशेब समजावून सांगितला. ताईंनी पान बराच वेळ हातात धरले. म्हणाल्या, “बाबा सांगायचे, तासाच्या आत आलो म्हणून. आम्ही चिडवायचो, मग वेळ का नाही लिहिली? नंतर त्यांनी सांगणंच सोडलं.” मग त्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या कपाटातून ते प्रमाणपत्र काढले. आडव्या रेघेच्या वर मी पेन्सिलीने लिहिले: ५८ मिनिटे १४ सेकंदांच्या आत. खाली सही केली आणि आजची तारीख घातली. मागाहून केलेली दुरुस्ती मागाहूनचीच दिसली पाहिजे.

१८/
तुमच्या शाळेत, तालमीत, क्रीडा मंडळात अशा वह्या पडून असतील. रद्दीत घालू नका. आधी त्यांतल्या गाळलेल्या जागा पाहा. तिथे कोणीतरी धावलेले असते.
धागा येथे संपतो.