मापातलं पाणी

ॲम्स्टरडॅम, सेंट्रल स्टेशनसमोरचा धक्का. सकाळपासून भुरभुर. पाऊस म्हणावा इतका नाही, पण मोजे ओले. वारा तिरका. दहा मिनिटांत छत्री उलटी झाली, दोन काड्या गेल्या. सायकलवाल्यांपैकी एकाकडेही छत्री नव्हती, हे नंतर लक्षात आलं.

*

बोट लांबट, बुटकी, वर काचेचं छप्पर. श्वासांनी काचा धुरकटल्यात. प्रत्येकानं बाहीनं पुसून आपापल्यापुरती खिडकी केली आहे. माझ्या खिडकीत अर्धा पूल. उरलेला पुढच्या बाकावरच्या आजींकडे.

*

तीन मोठे कालवे एकाला एक समांतर, अर्धगोल वळत गेलेले: एक महाजनांचा, एक सम्राटाचा, एक राजपुत्राचा. खोदाई १६१३ मध्ये सुरू झाली. २०१० पासून जागतिक वारसा. त्याआधीची चारशे वर्षं नुसता वापर.

*

घरं अरुंद, उंच, आणि पुढे झुकलेली. पाया खचला असणार, असं वाटलं. काहींचा खचलेलाही आहे. पण बऱ्याच घरांची दर्शनी भिंत मुद्दामच कललेली. माथ्यावर तुळई, तिला आकडा. जिने शिडीसारखे, म्हणून कपाटं-पलंग दोरानं बाहेरून वर ओढायचे आणि खिडकीतून आत घ्यायचे. भिंत कललेली असली की सामान तिला घासत नाही. आज आकड्याला सामान नाही, पागोळी लागली आहे.

*

खाली सगळा चिखल. घरं उभी आहेत ती सुमारे १२ मीटर खाली, वाळूचा थर लागेपर्यंत ठोकलेल्या लाकडी खांबांवर. डाम चौकातल्या राजवाड्याखाली १३,६५९ खांब. इथली पोरं हा आकडा असा पाठ करतात: वर्षाचे दिवस ३६५, आधी १, शेवटी ९.

*

पाण्यात लाकूड कुजतं, अशी माझी समजूत. पण पूर्ण बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नाही, म्हणून त्याला बुरशी लागत नाही. खांबाचं डोकं उघडं पडलं की मात्र कुजायला सुरुवात. म्हणजे इथे पाणी चढण्याची जेवढी धास्ती, तेवढीच उतरण्याची. कालव्यांची पातळी शहरात उंची मोजायच्या ठरलेल्या शून्य पातळीच्या साधारण ४० सेंटीमीटर खाली राखतात. त्यासाठी झडपा, पंप. एवढा पाऊस पडतोय, तरी धक्क्याच्या विटांवरची शेवाळी रेघ पाण्याला लागूनच.

*

बोटवाल्याचा ठेवणीतला विनोद: कालवा तीन मीटर खोल. एक मीटर चिखल, एक मीटर सायकली, एक मीटर पाणी. सगळे हसले. पुढच्या वळणावर सायकलीचं एक हॅन्डल पाण्याबाहेर डोकावत होतं. मग हसू जरा उशिरानं पुन्हा आलं.

*

लाकडी झडपांची जुनी गोदामं. या शहराचा बराच पैसा मिरी, लवंग, जायफळातून आला; १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीनं तो आणला. तिचीच एक वखार आपल्या वेंगुर्ल्यात. ती मी श्रावणात पाहिली होती. छप्पर गेलेलं, भिंतीतून झाडाची मुळं उतरलेली, आत गुडघाभर गवत.

एकेकाळी दोन्हीकडे मालक एकच. पाऊस तिकडचा कितीतरी मोठा, हे खरं. पण इकडे पाण्याची पट्टी कुणीतरी रोज बघतं.