मामांची तिथी

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. मी तिथे बऱ्याच उशिरा आलो आणि लेखांपेक्षा लेखांचा ‘इतिहास’ वाचण्यातच जास्त रमलो. कोणी, केव्हा, काय बदललं, सगळं तिथे नोंदलेलं असतं. एखादा रात्री बसून अख्खा लेख लिहून काढतो आणि पुन्हा तिकडे फिरकत नाही. दुसऱ्याने परिच्छेदसुद्धा लिहिलेला नसतो, पण ‘नदि’ची ‘नदी’ करत तो कितीतरी पानं हिंडलेला असतो. कोणी नुसते वर्ग लावतो. कोणी ‘चावडी’ या सामायिक चर्चेच्या पानावर धोरणांवरून तावातावाने वाद घालतो. मला तेही हवेच वाटतात. नियम त्या वादांतूनच ठरतात.

संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ साली ढोबळ हिशेब मांडला होता : अशा ठिकाणी शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून हात लावतात, एक जण सतत लिहितो. त्या नव्वदांना आळशी म्हणणाऱ्यांनी माझ्या मामांना भेटावं.

सातारा जिल्ह्यातल्या आपल्या गावाचा लेख मामांनी मोबाइलवर वाचला आणि लगेच फोन केला. “अरे, यात्रा चैत्र वद्य अष्टमीला असते. इथं पौर्णिमा लिहिलंय.”

“मामा, वर ‘संपादन’ आहे बघा. तुम्हीच बदला की.”

“नको बाबा. कुणी शिकल्यासवरल्या माणसानं लिहिलं असंल. आपण कशाला खाडाखोड करायची?”

पौर्णिमा लिहिणाऱ्याने नाव न नोंदवता लिहिलं होतं, बेधडक. आणि ज्याने जन्मभर पालखीला खांदा दिला, तो संकोचला. ही गोष्ट मला फार लागली. त्यात पुन्हा ज्ञानकोशाला प्रकाशित संदर्भ लागतो. मामांच्या खांद्यावरचा घट्टा तिथे चालत नाही.

मी त्यांचं म्हणणं लेखाच्या चर्चा पानावर मांडलं. उत्तर आलं ते केवळ संदर्भ शोधत बसणाऱ्या एका सदस्याकडून. त्याने १८८५ सालच्या सातारा गॅझेटियरमधली गावाची नोंद पानक्रमांकासह दिली. तिथी मामांचीच होती. मी बदल केला, संदर्भ जोडला आणि मामांना कळवलं.

“बरं झालं,” मामा म्हणाले. “आता लिहून घे. ओढ्यापलीकडची वाडी राहिलीय त्यात.”