अंकांची दिशा

एक डावीकडे आणि दहा उजवीकडे, ही मांडणी मनुष्य जन्मतःच बरोबर घेऊन येतो, अशी सुशिक्षितांचीही समजूत असते. फूटपट्टी तशी, आलेख तसा. मग मनांतील ओळ निराळी कां असावी? परंतु ती ओळ काढली कोणी, हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

संख्या मनापुढें ठराविक जागीं मांडलेल्या दिसतात, असें सांगणारीं माणसें फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज पंडितास १८८० च्या सुमारासच आढळलीं होतीं. पुढें १९९३ मध्यें स्तानिस्लास दहेन व त्यांचे सहकारी यांनीं फ्रान्समध्यें प्रयोगानें दाखविलें कीं, लहान संख्येविषयीं उत्तर देतांना डावा हात चपळ ठरतो, मोठीविषयीं उजवा. हा निसर्गनियमच म्हणावा, तर २००९ मधील एक तुलना आडवी येते. शब्द व अंक दोन्ही उजवीकडून वाचणाऱ्या पॅलेस्टिनी लोकांत हा कल उलटा आढळला; आणि शब्द उजवीकडून पण अंक डावीकडून वाचणाऱ्या इस्रायली लोकांत तो स्पष्ट दिसलाच नाहीं! निसर्गाचा कांहीं अंश त्यांत असेलही. परंतु वाचनाच्या सवयीचा हात मोठा, हें कबूल केलें पाहिजे.

डोळ्यांच्या सवयीचा प्रभाव एवढा, तर कानाच्या सवयीचा कां नसावा? संस्कृत ज्योतिषी संख्या शब्दांनीं सांगतांना एकंस्थानापासून आरंभ करून डावीकडे जात. आमची मराठीही ‘पंचवीस’ म्हणतांना पांच आधीं उच्चारते, वीस मागून. लिहितांना मात्र दोन आधीं. २०१९ मध्यें बालभारतीच्या दुसरीच्या गणितांत ‘वीस पाच’ अशी वाचनपद्धति आली, तेव्हां महाराष्ट्रांत केवढा गदारोळ उडाला! जुनीं संख्यानामें टाकावींत, असें आम्हांस वाटत नाहीं. जर्मन लोकही पांच आधींच म्हणतात, आणि त्यांचें गणित कांहीं बुडालें नाहीं. परंतु या वादांत मुलाची अडचण खरी होती, एवढें विसरूं नये.

तेव्हां घरांतील लहानग्यानें पंचवीस म्हणून ५२ लिहिले, तर त्यास मंदबुद्धि ठरविण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं एवढेंच विचारावें: ‘बाळ, तूं आधीं काय ऐकलेंस?’