सुटकेची चटक

५ ऑगस्ट, सोमवार
आज अकरावीला मानसशास्त्रातलं प्रबलन शिकवलं. ऋण प्रबलन म्हणजे काय, असं विचारल्यावर वर्गातून एका सुरात उत्तर आलं, "शिक्षा!" दरवर्षी याच उत्तरावर गुण जातात. वागणं वाढलं तर प्रबलन, घटलं तर शिक्षा. काही मिळाल्याने वाढलं तर धन, त्रास टळल्याने वाढलं तर ऋण. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगपेटीतला उंदीर दाण्यासाठी खटका दाबतो, तसा पायाखालचा विजेचा झटका थांबवण्यासाठीही दाबतो. गाडीतली पिरपिर बंद व्हावी म्हणून आपण पट्टा लावतो, तेही हेच.

७ ऑगस्ट, बुधवार
किराणा दुकानात चार-पाच वर्षांचा एक मुलगा पाकिटांच्या माळेकडे बोट दाखवून हटून बसला. "घरी खाऊ आहे ना रे," आई समजावत होती. त्याने फरशीवर बसकण मारली, भोकाड पसरलं. लोक वळून बघू लागले. आईने माळेतलं एक पाकीट तोडून त्याच्या हातात दिलं आणि रडं जागच्या जागी थांबलं.

मुलाला खाऊ मिळाला, ते कुणालाही दिसतं. आईला काय मिळालं, ते दिसत नाही. तिचा कोंडमारा संपला, लोकांच्या नजरा हटल्या. मुलाला धन प्रबलन, आईला ऋण. पुढच्या वेळी तो लवकर रडेल, ती लवकर देईल. 'लाडावून ठेवलंय' हा शेरा अशा आईवर अन्याय करणारा आहे. तिने उद्यापासून ठाम नकार द्यायचं ठरवलं, तर रडं आधी बहुधा वाढेल. विलोपनाच्या, म्हणजे मिळणारं प्रबलन बंद होण्याच्या, सुरुवातीला असं होतं. नेमकं तेव्हाच पाकीट दिलं, तर मूल आणखी मोठ्याने रडायला शिकतं. हे तिला आधी कुणीतरी सांगायला हवं.

९ ऑगस्ट, शुक्रवार
एका विद्यार्थिनीचं आज वर्गासमोर सादरीकरण होतं. ती आली नाही. आईचा फोन आला, "मॅडम, सकाळपासून पोट दुखत होतं. घरी राहा म्हटलं आणि लगेच उतार पडला हो!" हे ढोंग नव्हे; भीतीने पोट खरोखर दुखतं. पण तो उतारच पुढची दांडी पक्की करतो. मानसशास्त्रज्ञ मॉररने १९४७ मध्ये हेच मांडलं : भीती अभिसंधानाने, म्हणजे त्रासदायक अनुभवाशी सांगड बसून, जडते आणि टाळाटाळीतून मिळणाऱ्या सुटकेवर टिकते.

१० ऑगस्ट, शनिवार
त्या विद्यार्थिनीला सादरीकरणातून वगळा, लेखी घ्या, असं सहकारी म्हणाले. त्यामागची माया कळते, तरी मला ते पटत नाही; टाळल्याने भीती टिकेलच. मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्सने १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर या लहान मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. तो आवडीचं खात असताना ससा हळूहळू, त्याला सोसेल तेवढाच जवळ आणला. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला.

मुलीशी बोलले. सोमवारी मधल्या सुट्टीत ती दोन मैत्रिणींसमोर बसून एक पान वाचणार आहे. वर्गासमोर उभं कधी राहायचं, ते तिच्याशी बोलूनच ठरेल.