घास

दक्षिण दिल्लीत नव्याने उघडलेल्या इथिओपियन उपाहारगृहाच्या पायऱ्या चढताना माझ्या मनात कुतूहलापेक्षा संकोच अधिक होता. १९८५ साली मी याच शहरात, वसतिगृहात राहून, दलित आत्मकथनांवर प्रबंध लिहीत होतो. समोरच्या खोलीत अदिस अबाबाचा एक विद्यार्थी राहत असे. त्याच्या देशातील दुष्काळाची छायाचित्रे तेव्हा वृत्तपत्रांत येत. एका रविवारी त्याने मला जेवायला बोलावले. मी वेगळी ताटली मागून घेतली. जेवता जेवता त्याने आपल्या ताटातला एक घास करून माझ्या तोंडाशी धरला. मी मान वळवली. तो हसला, घास ताटात ठेवला. बोलणे पुढे चालू राहिले. बोलावणे मात्र पुन्हा आले नाही.

आता मेजावर एकच मोठे ताट आले. टेफ नावाच्या, खसखशीहून फारशा मोठ्या नसलेल्या धान्याचे पीठ आंबवून एकाच बाजूने भाजलेली जाळीदार पोळी, ‘इंजेरा’, ताटभर पसरलेली होती. तिच्यावरच निरनिराळी कालवणे वाढलेली. पत्नीने तुकडा मोडला आणि म्हणाली, “आंबोळीच की ही!” हरभऱ्याच्या पिठाचा तिखट ‘शिरो’ चाखताच दोघांनाही पिठल्याची आठवण झाली.

साम्य दिसले की समीक्षक प्रभाव शोधू लागतो. येथे मला निराळेच काही आठवले. ज्वारी मूळची ईशान्य आफ्रिकेतील, नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशातील, आणि कारळे तर इथिओपियाच्या पठारावरचे. काही हजार वर्षांपूर्वी ही धान्ये समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि रुजली. साताऱ्याकडची भाकरी आणि कारळ्याची चटणी मी आजवर देशीपणाची खूण मानत आलो होतो. त्या खुणेचे बियाणेच परदेशी निघाले.

परंतु हा इतिहास १९८५ साली ठाऊक असता, तरी मी मान वळवलीच असती, हे मान्य केले पाहिजे. अडचण धान्याची नव्हतीच. विटाळाच्या ज्या कल्पनेविरुद्ध मी दिवसा प्रबंधाची पाने भरत होतो, ती माझ्या अंगात शाबूत होती. उष्टे नको, ही सबब होती. हात कोणाचा, हा खरा प्रश्न होता.

वाढणाऱ्या तरुणीने सांगितले, की आपल्या हाताने दुसऱ्याला घास भरवणे याला त्यांच्याकडे ‘गुर्शा’ म्हणतात. घास जितका मोठा, तितका स्नेह मोठा. पत्नीने लगेच एक घास माझ्या तोंडात घातला. “लग्नात भरवला होता, त्यानंतर आजच,” असे म्हणून ती हसली. मला तो घास गिळायला वेळ लागला.

शेवटी कॉफी आली. कॉफीची ही जन्मभूमी. तेथे त्याच बियांवर तीनदा पाणी घालून ती उकळतात आणि प्रत्येक फेरीला नाव असते. पहिल्या फेरीचे नाव ‘अबोल’. मराठी कानाला तो शब्द टोचला. दुसऱ्या फेरीपर्यंत मी पत्नीला तो रविवार सांगून टाकला होता. चाळीस वर्षांत प्रथमच.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आणि हे तुम्ही त्यांना कधीच बोलला नाहीत?”

तिसरी फेरी ‘बरका’, म्हणजे आशीर्वादाची. बिनकानी कप पुढ्यात निवत राहिला.