माहूल : धुराड्यांच्या सावलीतली घरे

चेंबूर स्टेशनबाहेर माहूलगावची बस पकडली की थोड्याच वेळात मुंबईचा रंग पालटतो. दुकाने मागे पडतात. रस्त्याच्या कडेला उंच भिंती, भिंतींवरून डोकावणाऱ्या लोखंडी टाक्या, आणि टँकरची लांबलचक रांग. एका ठिकाणी बसमधल्या बायाबापड्या आपसूक पदर नाकाला लावतात. कंडक्टरने ओरडायची गरज नसते. माहूल आले, हे वासावरूनच कळते!

मूळचे हे कोळी-आगरी बांधवांचे गाव. पुढे खाडी, खाडीत होड्या, अंगणात वाळत घातलेली मासळी. हिवाळ्यात खाडीच्या चिखलात गुलाबी पंखांचे फ्लेमिंगो उतरतात, ते पाहायला लांबून लोक येतात. 1954-55 साली या परिसरात दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. तेव्हा ते परदेशी कंपन्यांचे होते; 1974 ते 1976 च्या दरम्यान सरकारने ते ताब्यात घेतले. जवळच खत कारखाना आला, वीज केंद्र आले, रसायने साठवण्याच्या टाक्या आल्या. देशाला पेट्रोल मिळाले, शेताला खत मिळाले, मुंबईला वीज मिळाली. गावाच्या वाट्याला काय आले, ते गावकऱ्यांच्या छातीला विचारावे.

गाव ओलांडले की समोर एकसारख्या इमारतींचे जंगल दिसते. सात मजली 72 इमारती, 17 हजारांवर खोल्या, प्रत्येक खोली 225 चौरस फुटांची. प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेली ही वसाहत. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या 2017 साली हटवल्या, तेव्हा विद्याविहार, घाटकोपरकडच्या हजारो कुटुंबांना इथे आणून टाकले. पक्के घर, स्वतंत्र नळ, दाराला कुलूप! झोपडीत जन्म काढलेल्या माणसाला याहून अधिक काय हवे? पण थोड्याच महिन्यांत खोकला, दमा, त्वचेची खाज आणि डोळ्यांची आग यांनी घरे भरली. 2018 च्या ऑक्टोबरपासून हीच माणसे विद्याविहारच्या फुटपाथवर धरणे धरून बसली. पक्के घर सोडून माणूस उघड्यावर का बसतो, याचा विचार सुखवस्तू लोकांनी जरूर करावा.

इमारतींमधल्या बोळातून मी फिरलो. दोन इमारतींत अंतर इतके कमी की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. खिडकी उघडली तर वास आत येतो, बंद केली तर घरातला धूर आणि दमट हवा बाहेर जात नाही. अशा कोंदट खोलीत क्षयाचा एक रोगी असला तर घरातल्या इतरांनाही धोका. तळमजल्यावरच्या एका मावशींनी औषधांची पिशवीच माझ्यापुढे ओतली. म्हणाल्या, "दादा, महिन्याला दीड हजार यातच जातात. भाडं नाही, पण हे भाडंच झालं की!" मी कारकून माणूस, मनात आकडा मांडला. वर्षाचे 18 हजार, दहा वर्षांचे 1 लाख 80 हजार. त्यात बुडालेली रोजंदारी धरलेली नाही.

हे नुसते बोलणे नव्हे. माहूल व आंबापाडा येथील रहिवाशांची केईएम रुग्णालयाने पाहणी केली होती. शंभरातल्या 67 जणांना महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत होती, 84 जणांना छातीत कोंडल्यासारखे होत होते, 86 जणांचे डोळे चुरचुरत होते. गावकऱ्यांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली इथल्या लोकांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले. 2020 साली लवादाने चार कंपन्यांना मिळून सुमारे 286 कोटी रुपये भरपाई भरण्याचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये सांगितले की, कुणालाही यापुढे माहूलला पाठवू नये, आणि जे तिथे आहेत त्यांना पर्यायी घर किंवा दरमहा 15 हजार रुपये भाडे द्यावे.

हवेत असते तरी काय? तेल व रसायने साठवताना, भरताना त्यांची वाफ सुटते. त्यात बेंझिन, टोल्युइन, झायलिन असे वायू असतात. यांनी डोके दुखते, चक्कर येते, डोळे-घसा जळतो. बेंझिन वर्षानुवर्षे अंगात जात राहिले तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. इंधन जळताना सुटणाऱ्या गंधकाच्या वायूने दमेकऱ्याची श्वासनलिका आवळते. लहान मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेते, म्हणून पहिला फटका लेकरांना!

आता मुद्द्याचे. यातल्या बऱ्याच खोल्या रिकाम्या पडल्या. 2025 साली महापालिकेने त्यातली नऊ हजारांवर घरे आपल्याच कर्मचाऱ्यांना प्रत्येकी 12 लाख 60 हजार रुपयांत देऊ केली. माझ्या ओळखीचे एक सफाई कामगार तेव्हा विचारायला आले होते. निवृत्तीला सहा वर्षे, खात्याची खोली सोडावी लागणार, थोरल्या मुलीला दमा. "साहेब, मुंबईत या पैशात दुसरीकडे संडासही मिळत नाही," ते म्हणाले. वहिनी मात्र ठाम होत्या. "तुम्ही आयुष्यभर कचऱ्याचा वास घेतला, तो पगारासाठी. आता पैसे मोजून वास घ्यायचा?" त्यांनी अर्ज भरला नाही. एकंदरीत अर्ज फारच थोडे आले. पण ज्याला दुसरा आसराच नाही, त्याने काय करावे? स्वस्त घर आणि निरोगी श्वास, यांतले एकच निवडा, असे गरिबालाच का सांगितले जाते?

जे माहूलमध्ये किंवा तशा ठिकाणी राहतात, त्यांनी एक वही घालावी. कोणत्या दिवशी, किती वाजता, कसला वास आला, घरात कुणाला काय त्रास झाला, ते लिहावे. दवाखान्याचे केसपेपर फेकू नयेत. फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी सरकारी रुग्णालयात करून घ्यावी. तक्रार एकेकट्याने तोंडी करू नये. दहा घरांनी मिळून लेखी करावी, शीवच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नये. महिनाभरात उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्जाचे काय झाले ते विचारावे. माहूलच्या गावकऱ्यांना लवादापुढे यश मिळाले, ते नोंदी आणि कागदांच्या बळावर. कार्यालयात माणसाचा खोकला ऐकू येत नाही, बंधू-भगिनींनो. तिथे कागदच बोलतो.